अंगाआधी तोंडात उमटणारे पुरळ

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप व खोकला होता आणि डोळे लाल झाले होते. अंगावर एकही पुरळ नसताना डॉक्टरांनी केवळ गालाची आतली बाजू पाहून गोवराची शंका व्यक्त केली. दुसऱ्याच दिवशी कानामागून पुरळ उठले. हे तोंडात कसे कळते? आता तोंडातले ठिपके गेले आहेत, म्हणजे आजार उतरला असे समजावे का?

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी जे पाहिले त्याला कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. हेन्री कॉप्लिक या बालरोगतज्ज्ञाने 1896 मध्ये त्यांचे महत्त्व दाखवून दिले. दाढांसमोरच्या गालाच्या आतल्या त्वचेवर, लालसर पार्श्वभूमीवर, मिठाच्या कणांएवढे निळसर पांढरे ठिपके दिसतात आणि तेही अंगावर पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी. चांगल्या उजेडात मुद्दाम पाहिले नाही तर ते हमखास निसटतात.

तोंडातील श्लेष्मल त्वचा पातळ आणि सतत ओली असल्यामुळे तिच्यावरील पुरळ बाहेरच्यासारखे दिसत नाही. कांजिण्यांचे फोड अंगावर पाण्याने भरलेले दिसतात, तोंडात मात्र ते लगेच फुटून उथळ व्रण उरतात आणि घरचे लोक ‘तोंड आले’ म्हणून सोडून देतात. स्कार्लेट फीव्हर या जिवाणूंमुळे येणाऱ्या पुरळाच्या तापात जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल व खरखरीत होते. लहान मुलाला पाच दिवस ताप, सोबत तशीच जीभ, लाल भेगाळलेले ओठ आणि लाल डोळे असतील तर कावासाकी आजाराचा विचार करावाच लागतो, कारण त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. मला सर्वांत अधिक धास्ती वाटते ती नवे औषध सुरू केल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तोंड, डोळे आणि जननेंद्रिये यांच्यावर एकाच वेळी फोड येण्याची; अशा वेळी घरगुती लेप लावत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता आपला दुसरा प्रश्न. ठिपके जाणे हे बरे होण्याचे लक्षण नव्हे. अंगावर पुरळ उठल्यावर हे ठिपके एक-दोन दिवसांत आपोआप मावळतात, आणि नेमका तेव्हाच आजार भरात असतो. गोवराची लागण पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत होऊ शकते. म्हणून तेवढा काळ मुलाला इतरांपासून वेगळे ठेवावे, जीवनसत्त्व ‘अ’ची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी आणि श्वास जलद झाला, गुंगी आली किंवा तो पाणीही घेईनासा झाला तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.