इंग्लंडमध्ये नुसत्या मातीच्या टेकाडाला ‘किल्ला’ म्हणून कायद्याचं संरक्षण का असतं? वर तर काहीच नसतं!

मलाही असंच वाटलं होतं. राजगड चढून आलेल्या माणसाला यॉर्कशायरमधलं स्किप्सी कॅसल म्हणजे चक्क फसवणूक वाटते. ना तट, ना दरवाजा. साधारण १३ मीटर उंचीचं गवताळ टेकाड. ‘किल्ला कुठेय?’ हे मी त्याच्या डोक्यावर उभं राहून विचारलं होतं!

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्समधून आलेल्या, सरदारांना परक्या मुलखात झटपट पाय रोवायचे होते. खंदक खणायचा, निघालेली माती थराथराने चोपून रचायची, वर लाकडी बुरूज ठोकायचा, झाला किल्ला. पुढे लाकूड कुजलं नाहीतर जळालं, माती तेवढी उरली. म्हणजे ते टेकाड हा पडझडीचा ढिगारा नाही, मूळ बांधकामच आहे.

आणि त्या मातीत काय दडलंय ते वरून कळत नाही. स्किप्सीचं टेकाड नॉर्मनच, असं सगळे धरून चालले होते. मग पाण्यासाठी बोअर मारतात तसं अरुंद भोक पाडून आतल्या मातीचे नमुने काढले. २०१६ साली जाहीर झालं की ते लोहयुगातलं, सुमारे २५०० वर्षांपूर्वीचं आहे. नॉर्मनांना उंचवटा आयताच मिळाला होता. दक्षिण इंग्लंडमधल्या मार्लबरो गावचं असंच किल्ल्याचं टेकाड तर त्याहून जुनं निघालं, इ.स.पू. २४०० च्या आसपासचं. कुणी ती माती रस्त्याच्या भरावाला नेली असती तर?

म्हणून १९७९ चा कायदा कडक आहे. सरकारच्या संरक्षित यादीतल्या जागेवर परवानगीशिवाय खणायचं नाही, भर घालायची नाही, मग जमीन स्वतःच्या मालकीची का असेना. विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवणंही गुन्हा. पण झाडांच्या मुळांना आणि सशांना कायदा कोण सांगणार? अशाच एका टेकाडावर मी सशाचं ताजं बीळ पाहिलं. तोंडाशी ओंजळभर माती उकरून टाकलेली, कुठल्या शतकातली देव जाणे.

माझ्या आजोळी, मराठवाड्यात, गावच्या गढीची पांढरी माती पावसाळ्याआधी धाब्यावर टाकायला गाढवांवरून न्यायचे. आम्ही पोरं मागोमाग खापरं आणि मणी वेचत फिरायचो. आता तिथे गढीचा एकच कोपरा उभा आहे.