थीसिसच्या शीटवरचे गाव

सप्रेम नमस्कार.

तुझ्या वास्तुकलेच्या थीसिसच्या शीट, म्हणजे आराखड्यांचे कागद, पाहिल्या. रेखाटन देखणे आहे. मात्र ‘लोकसहभाग’ हा शब्द जागोजागी असूनही मातीची भिंत कोण घालणार, हे कुठेच दिसत नाही. म्हणून बांगलादेशातल्या रुद्रपूर गावची माती-बांबूची मेटी शाळा नीट अभ्यासावीस, असे सुचवतो.

वास्तुविशारद आना हेरिंगर यांनी ती 2004 साली ऑस्ट्रियातल्या लिंझ येथे पदवीचा प्रकल्प म्हणून आखली; पण त्याआधी, कॉलेजात जाण्यापूर्वीच, त्या दीपशिखा या संस्थेबरोबर स्वयंसेविका म्हणून त्या गावात राहिल्या होत्या. त्यामुळे तिथल्या मातीच्या घरांचे दुखणे त्यांना ठाऊक होते: माती वाईट नव्हती, पण पाया नसल्याने जमिनीतली ओल थेट भिंतीत चढत होती. म्हणून विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवायला प्लास्टिकच्या कागदाचा दुहेरी थर दिला आणि मग माती व पेंढ्याची भिंत उभारली. (पर्यावरणपूरक इमारतीत प्लास्टिक कसे, असे ज्युरी विचारील, विचारू दे.) गारा गुरांच्या पायांनी तुडवून घेतला, एकेक थर जरा आवळल्यावर त्याच्या बाजू धारदार फावड्याने तासल्या आणि तो वाळल्यावरच पुढचा चढवला. वरचा मजला बांबूचा. तांत्रिक बाजू वास्तुविशारद आइके रोझवाग यांनी सांभाळली, काम गावच्या कारागिरांनी केले, आणि 2007 मध्ये शाळेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

पुरस्काराचे सोड, तो वाळण्याचा काळ लक्षात घे. तुझी जागा कोकणात आहे. दिवाळीनंतर सुरुवात आणि मृगाआधी छप्पर, असे वेळापत्रक शीटवरच मांड. चिऱ्याचे जोते आणि पुढे काढलेली पाखी आधी सोडव, ती वक्र भिंत नंतर. गवंड्याला भेटशील तेव्हा लगेच प्लॅन पुढे करू नकोस. गावात मातीच्या भिंती पूर्वी कोण घालत असे आणि आता ते काम का थांबले, हे विचार. उत्तर बहुधा मजुरीपाशी येईल, म्हणून अंदाजपत्रकात दरवर्षीच्या लिंपणाचा खर्च आणि तो कोण करणार, हेही लिही. ग्रामपंचायत करील, एवढे म्हणून भागणार नाही.

पुढच्या वेळी फक्त एक सेक्शन, म्हणजे उभा छेद, आण: 1:20 चा, पायापासून वळचणीपर्यंत. रेंडर, म्हणजे संगणकावरचे रंगीत चित्र, नको.

तुझा,
सर