स्वयंपाक कोण करतं, ते आधी विचारा

प्रश्न : मी नाशिकला सातपूर भागात आशा स्वयंसेविका आहे. माझ्याकडच्या काही गरोदर बायकांचं वजन आधीपासूनच जास्त आहे. त्यांच्यासाठी आहार-व्यायामाचा गट सुरू करायचाय. मागे तक्ते वाटले, पण एकीनंही पाळले नाहीत. काय चुकलं?

उत्तर : ताई, हीच चूक मीही केली आहे. आहारतज्ज्ञ म्हणून नवीन असताना सिडकोतल्या एका पाचव्या महिन्यातल्या मुलीला मी छापील तक्ता दिला. पुढच्या खेपेला तो पिशवीत तसाच, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणाली, "मॅडम, स्वयंपाक सासूबाई करतात." मग मी तिचा दिवस विचारला. चार वेळा गोड चहा, सोबत खारी आणि रात्रीचं जेवण अकरानंतर, कारण नवरा अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. तो आल्याशिवाय ती जेवायची नाही. आम्ही एकच ठरवलं : तिनं आठला जेवायचं, तो आला की त्याला वाढून नुसतं सोबत बसायचं. हे तिला जमलं.

म्हणून पहिल्या बैठकीत काही सांगू नका, विचारा. बदल प्रत्येकीनं स्वतः निवडावा, एकच. पुढच्या आठवड्यात जमला नाही, तर आडवं काय आलं ते बोला. दुसऱ्या बैठकीला सासूबाईंना बोलवा. "दोन जिवांचं खा" हे त्या मायेनंच म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत जादा खाण्याची फारशी गरज नसते, हे त्यांनाच नीट समजावा. ताटात उसळ, अंडं, पालेभाजी वाढू दे, साखर-तेल आवरू दे.

उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. 2009 च्या अमेरिकी शिफारशींनुसार आधीचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 ते 29.9 असेल तर गरोदरपणात 7 ते 11.5 किलो, 30 किंवा जास्त असेल तर 5 ते 9 किलो वाढ पुरेशी. आणि काटा पडद्याआड ठेवा. चारचौघींत आकडा वाचला की ती बाई परत येत नाही.

डॉक्टरांची हरकत नसेल तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस. 150 मिनिटं होतात. रक्तस्राव किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना.

ब्रिटनमध्ये दीड हजारांवर लठ्ठ गरोदर स्त्रियांचा असा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनवाढ थोडी आटोक्यात राहिली, पण गरोदरपणातला मधुमेह कमी झाला नाही. तेव्हा 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची रक्तातल्या साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत, एकीचीही चुकू देऊ नका.