लॉन बोल्सचा सामना पावसाने अर्धवट राहिला, तर निकाल कोणाचा?

लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर जॅक नावाच्या छोट्या चेंडूच्या जवळात जवळ आपले जड चेंडू, म्हणजे बोल, घरंगळत नेण्याचा खेळ. त्यातला तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेस्टरजवळच्या एका क्लबात तुम्ही यंदा पहिल्यांदाच कप्तान झालात. शनिवारी स्थानिक लीगचा सामना होता: तीन रिंक (हिरवळीवरच्या पट्ट्या), प्रत्येक रिंकवर तिघा-तिघांचे संघ, १८ एंड (दोन्ही संघांचे सगळे बोल टाकून झाले की एक एंड). पावणेपाचच्या सुमारास पाऊस कोसळला आणि सगळे पॅव्हेलियनमध्ये पळाले. तेव्हा पहिल्या रिंकवर १४ एंड झाले होते आणि तुम्ही १७-९ ने पुढे होतात. दुसऱ्यावर १३ एंड, तुम्ही १२-१३ ने मागे. तिसऱ्यावर ११ एंड, तुम्ही १२-१० ने पुढे. एकूण ४१-३२. तिसऱ्या रिंकवर बारावा एंड चालू होता, फक्त दोन बोल टाकायचे राहिले होते आणि समोरच्यांचे चार बोल जॅकपाशी पडून होते.

तुमच्या लीगच्या पुस्तिकेत एकच ओळ आहे: हवामानामुळे सामना थांबल्यास, दोन तृतीयांश एंड पूर्ण झाले असतील तर त्या वेळचा निकाल ग्राह्य धरावा. समोरचे म्हणतात, तिसऱ्या रिंकवर बारा झालेच नाहीत, म्हणून सामना रद्द. तुम्ही म्हणता, बारावा एंड जवळजवळ झालाच होता, तो धरा. त्यांचे चार शॉट (गुण) दिले तरी आम्ही पाचने पुढे आहोत.

मी वॉरिकशायरमधल्या एका छोट्या लीगचं वेळापत्रक आणि तक्रारी गेली काही वर्षं सांभाळते. या जातीचे वाद दर उन्हाळ्यात एक-दोन तरी येतात. तुमच्या बाजूने काय आहे ते सांगेनच, पण आधी तुम्हाला न आवडणारं.

बारावा एंड गेला. तो धरता येणार नाही, स्वतःचं नुकसान सोसूनही नाही. खेळाच्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: एंड सुरू झाला, पण सगळे बोल टाकून झाले नाहीत आणि खेळ थांबला, तर तो एंड मृत. मृत एंड झालेल्या एंडांत मोजत नाहीत. खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा तो पहिल्यापासून टाकायचा, आणि गुण थांबण्याच्या क्षणी होते तेच. दोन बोल राहिले असोत की बारा, फरक पडत नाही. कोणी भिजत हिरवळीवर उभं राहिलं म्हणूनही तो एंड जिवंत राहत नाही.

नव्या खेळाडूंना हा नियम जाचक वाटतो. मला तो अतिशय न्याय्य वाटतो. एंड संपेपर्यंत जॅकपाशी पडलेले बोल म्हणजे शॉट नव्हेतच, ती फक्त त्या घडीची मांडणी. शेवटचा बोल टाकणाऱ्या स्किपचा (रिंकवरच्या संघनायकाचा) बोल जॅकला हलकेच सोबत घेऊन चार फूट मागे गेला, की चार शॉटचा मालक बदलतो. हे तुम्ही पाहिलं असेलच. ज्या खेळात शेवटच्या बोलाला एवढी ताकद आहे, त्यात तो टाकलाच नाही तर काय झालं असतं हे कोणी ठरवायचं?

आता दुसरा मुद्दा, आणि खरी गाठ इथेच आहे. दोन तृतीयांश, पण कशाचे? तीन रिंकचे मिळून ५४ एंड होतात, त्यांचे दोन तृतीयांश ३६. तुमचे पूर्ण झालेले एंड १४, १३ आणि ११, म्हणजे ३८. बारावा एंड सोडूनही तुम्ही ३६ च्या वर आहात! बाराव्या एंडासाठी भांडण्यात तुम्ही तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा बाजूला ठेवलात. समोरचे तो नियम प्रत्येक रिंकला वेगळा लावून वाचतात, म्हणून त्यांना ११ खटकतात.

माझं वाचन विचाराल तर ओळीत ‘सामना’ हा शब्द आहे, ‘रिंक’ नाही. सामना तिन्ही रिंकचा मिळून होतो. म्हणून एंडही मिळून मोजावेत, आणि ४१-३२ हा निकाल उभा राहतो असं माझं मत. तरी समोरच्यांचं वाचन खोटेपणाचं आहे असं अजिबात समजू नका. कितीतरी लीगांमध्ये प्रत्येक रिंकवर किमान एंड हवेत असाच नियम असतो, आणि त्यालाही कारण आहे. एका रिंकवर सतरा आणि दुसऱ्यावर सात झाले असतील, तर त्या सातवाल्यांवर अन्याय होतो. आमच्याकडे म्हणून दोन्ही अटी जोडल्या आहेत: एकूण ३६, शिवाय कुठल्याही रिंकवर दहापेक्षा कमी नकोत. तुमच्या पुस्तिकेत तसं नाही. त्यामुळे सचिवांना पहिला प्रश्न हा विचारा, की अशी स्थिती पूर्वी आली होती का, आणि तेव्हा एंड कसे मोजले. आधीचा निर्णय असेल तर तुमचं-माझं वाचन गैरलागू. लीग वर्षानुवर्षं ज्या पद्धतीने चालली, ती पद्धत तुमच्या सामन्यासाठी बदलता कामा नये, तुमच्या बाजूने असली तरी आणि नसली तरी.

तुम्ही सहज विचारलंय की क्रिकेटसारखं डकवर्थ-लुईस इथे का नाही. १९९७ पासून क्रिकेटमध्ये ती पद्धत आली, कारण तिथे किती षटकं राहिली आणि किती गडी राहिले यावरून पुढच्या धावांचा अंदाज बांधता येतो. बोल्समध्ये हातात राखलेलं असं काहीच नसतं. तिघांच्या सामन्यात एका एंडात एक शॉट मिळतो किंवा नऊ. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला महिलांच्या चौघींच्या संघांचा अंतिम सामना आठवा. तो पाहूनच तुम्ही या खेळात आलात असं लिहिलंय. लव्हली चौबे, पिंकी सिंग, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की ८-२ ने पुढे होत्या, मग दक्षिण आफ्रिका १०-८ ने पुढे गेली आणि शेवटी आपण १७-१० ने सुवर्ण घेतलं. त्या १०-८ च्या वेळी रॉयल लेमिंग्टन स्पामध्ये ढग फुटला असता, तर कुठल्या सूत्राने ते सुवर्ण आपल्याला दिलं असतं? म्हणून कायद्याचा मूळ कल अर्धवट सामन्याचा निकाल लावण्याकडे नाही, तो पुढे चालवण्याकडे आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, थांबला तिथून. दोन तृतीयांशसारखी अट ही स्थानिक लीगांनी सोयीसाठी घातलेली असते, कारण संध्याकाळी किंवा शनिवारी अठरा माणसं पुन्हा गोळा करणं कठीण.

इथे बऱ्याच जणांची एक गल्लत होते. पुढे चालवणं वेगळं, पुन्हा खेळणं वेगळं. समोरचे ‘पुन्हा खेळू’ म्हणतात, तेव्हा त्यांना शून्यापासून म्हणायचंय का, हे लेखी विचारा. तुमच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट नसेल तर खेळाचा कायदा लागू होतो: ४१-३२ वरून पुढे, तिसऱ्या रिंकवर बाराव्या एंडापासून. माणसंही तीच हवीत. कोणी येऊ शकत नसेल तर प्रत्येक संघात एकच बदली, आणि एका रिंकवरचा खेळाडू दुसऱ्या रिंकवर हलवता येत नाही. शनिवारी हरत असलेल्या रिंकवर बुधवारी आपला सगळ्यात चांगला स्किप आणून ठेवायचा, हा प्रकार त्यामुळे बंद होतो.

तुमच्या एका वाक्याबद्दल मात्र मला बोलायलाच हवं. तुम्ही लिहिलंय, ‘पाऊस काही एवढा नव्हता, त्यांनी मुद्दाम थांबवलं.’ मी दादरची. माझे वडील क्रिकेटची कांगा लीग खेळायचे. १९४८ पासून मुंबईत ती स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात घेतली जाते, आणि गुडघाभर गवतात, चिखलात उभं राहून खेळणं हा तिचा अभिमान. इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मलाही वाटायचं, एवढ्याशा पावसाला काय घाबरतात! मग आमच्या ग्रीनकीपरने, म्हणजे हिरवळीची निगा राखणाऱ्याने, मला एकदा सामन्यानंतर हिरवळीवर नेलं आणि वाकून बघायला लावलं. पाच मिलिमीटरच्या आसपास कापलेलं ते गवत, आणि त्यात चोवीस माणसांच्या टाचांचे खळगे. भिजलेल्या मातीवर चाललं की ती दाबली जाते, पाणी मुरेनासं होतं आणि पृष्ठभाग उंचसखल होतो. मग महिनाभर प्रत्येक बोल कुठेतरी उडी मारतो. शिवाय ओल्या हिरवळीवर बोल जड चालतो आणि नेहमीइतका वळतही नाही. त्यामुळे उरलेला खेळ म्हणजे वेगळ्याच मैदानावरचा खेळ होतो. आमच्या क्लबात ग्रीनकीपरने ‘उतरा’ म्हटलं की उतरायचं, त्यात कप्तानांनी मत द्यायचं नसतं. विजेचं तर विचारूच नका. आमच्याकडे शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं कोणी हिरवळीवर पाय ठेवत नाही, मग अंतिम सामना का असेना.

थांबवण्याचा अधिकार कोणाला, हेही पाहून ठेवा. स्पर्धेचे आयोजक, पंच, आणि दोन्ही नसतील तर दोन्ही बाजूंच्या संमतीने. स्थानिक सामन्यात पंच बहुधा नसतोच. एका बाजूने आपल्या मर्जीने निघून जाणं मात्र गंभीर असतं, त्यात सामना गमावण्याची वेळ येऊ शकते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सगळे एकदम पळाले. मग ती संमतीच झाली. ‘मुद्दाम थांबवलं’ हा आरोप पत्रातून काढून टाका. तो सिद्ध होणार नाही, आणि तो वाचून समितीचं तुमच्या चांगल्या मुद्द्याकडे लक्ष जाणार नाही.

मी या बाबतीत इतकी आग्रही का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमचाच एक सामना असा थांबला. आमच्या कार्डावर १३ एंड, समोरच्या क्लबच्या कार्डावर १२. वादातला तो एक एंड तीन शॉटचा, आणि तेवढ्यावर सामन्याचा निकाल. पेन्सिलीने लिहिलेलं, कार्ड भिजलेलं, वेळ कोणीच टिपली नव्हती, सही कोणाची नव्हती. दोन्ही स्किप सत्तरी ओलांडलेले, एकमेकांविरुद्ध तीस वर्षं खेळलेले, आणि दोघेही खरं तेच बोलत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. सहा आठवडे पत्रं चालली. शेवटी गुण अर्धे-अर्धे वाटले. त्या दोघांमधला एक जण पुढच्या मोसमात खेळायला आलाच नाही. त्याचा लॉकर आम्ही जूनमध्ये उघडला, तेव्हा त्यातले त्याचे चार बोल पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेले होते.

त्या हिवाळ्यात मी एक नियम लिहून मंजूर करून घेतला. खेळ थांबला की चहाच्या कपाला हात लावायच्या आधी दोन्ही स्किपनी कार्डावर थांबल्याची वेळ, पूर्ण झालेले एंड आणि गुण लिहायचे, आणि सही करायची. वाद असेल तर तोही तिथेच लिहायचा: अमुक एंडाबद्दल मतभेद. सामना रद्द की ग्राह्य, हे त्या वेळी कोणी बोलायचंच नाही, ते नंतर पुस्तिका बघून ठरतं. तक्रार ४८ तासांत लेखी, आणि निर्णय देणाऱ्या तिघांत त्या दोन क्लबांचा कोणी नको. तेव्हापासून पावसाचे सामने तेवढेच आले, पण किती एंड झाले यावर एकही वाद आला नाही.

तुमच्याकडे निदान एंडांच्या आकड्यांवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, ती आधी कागदावर आणा. समोरच्या कप्तानाला आज फोन करा, भांडायला नाही, फक्त १४, १३, ११ आणि ४१-३२ हे आकडे दोघांच्या सहीने सचिवांकडे पाठवायला. मग तुमचं पत्र. मी असं लिहिलं असतं:

‘शनिवारचा सामना पावसामुळे पावणेपाच वाजता दोन्ही संघांच्या संमतीने थांबला. पूर्ण झालेले एंड ३८, गुण ४१-३२, यावर दोन्ही कप्तान सहमत आहेत. तिसऱ्या रिंकवरचा बारावा एंड अपूर्ण असल्याने आम्ही तो मृत धरतो. पुस्तिकेतला दोन तृतीयांशचा नियम पूर्ण सामन्याच्या ५४ एंडांना लागू होतो असं आमचं वाचन आहे. समितीचं वाचन वेगळं असल्यास, सामना याच गुणांवरून पुढे चालवण्यास आमचा संघ तयार आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि त्याखाली तुमच्या संघाला जमणाऱ्या दोन संध्याकाळी लिहून द्या. सप्टेंबरअखेर हिरवळ बंद होते, आणि तारखा आधी देणाऱ्याला सचिव उत्तरही आधी देतात.