कंदलामा फोटोत काळपट दिसतं, तरी जा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: श्रीलंकेच्या सहलीत दोन रात्री हेरिटन्स कंदलामाला काढाव्यात का, आणि एवढे पैसे घेणारं हॉटेल फोटोत वेलींनी गिळलेल्या जुन्या सरकारी कचेरीसारखं का दिसतं? माझं मत, जरूर जा. आणि ते तसं दिसतं, कारण तसं दिसावं म्हणूनच ते बांधलंय.

या हॉटेलातला सगळ्यात मोठा निर्णय पाया खणण्याआधीच झाला होता. मालकांच्या मनात सिगिरियाच्या जवळची जागा होती. साहजिकच आहे, ५व्या शतकात काश्यप राजाने ज्यावर किल्ला बांधला तो प्रसिद्ध खडक शेजारी असला की खोल्या रिकाम्या राहायची चिंता नाही. वास्तुविशारद जेफ्री बावांना मात्र ती जागा पटली नाही. त्यांनी दांबुल्लाजवळचा कंदलामा तलाव आणि त्याच्या काठचा कडा निवडला. म्हणून आज सिगिरिया तिथून पाण्यापलीकडे, रानाच्या वर, लांबवर दिसतो. अगदी पायथ्याशी राहिलात तर तो पूर्ण दिसतच नाही, नुसता अंगावर येतो.

१९९४ मध्ये सुरू झालेली ही इमारत कड्याला धरून जवळजवळ एक किलोमीटर लांब पसरली आहे. खोल्या १५२, पण समोरून एका नजरेत त्या कधीच येत नाहीत. सगळा सांगाडा काँक्रीटच्या खांबांवर उचललेला असल्यामुळे कड्यावरून येणारं पावसाचं पाणी इमारतीखालून वाहून जातं, खडक फारसा फोडावा लागत नाही. सपाट छपरांवर झाडोरा लावलाय. दर्शनी बाजूला लाकडी चौकटी आहेत आणि त्यांवरून वेली सोडल्यात. तुम्हाला फोटोत दिसतो तो काळपटपणा म्हणजे हा पाला आणि त्याची सावली.

आता 'निसर्गातून प्रेरित डिझाइन' या शब्दांबद्दल. पाण्याकाठचं कुठलंही महागडं हॉटेल हल्ली हेच सांगतं. प्रत्यक्षात लाटेसारखं छत, शिंपल्यासारखे दिवे आणि लॉबीत चार गोटे. कंदलामात पानाचा किंवा दगडाचा आकार कशालाच दिलेला नाही. खांब सरळ, तुळया सरळ, काँक्रीट जवळजवळ रुक्ष. आत शिरताना मात्र गुहेसारख्या वाटेने जावं लागतं, तलाव लगेच दिसत नाही, आणि मूळचा खडक भिंत म्हणून आत तसाच राहिलाय. बाहेर आलं की पोहण्याच्या तलावाची कड थेट मोठ्या तलावात मिसळल्यासारखी वाटते. जिन्याजवळ शिल्पकार लाकी सेनानायकेंनी केलेलं भलंमोठं घुबड आहे, ते चुकवू नका.

अशा कुठल्याही हॉटेलचे फोटो बघताना मी लॉबी सोडून आधी कॉरिडॉर शोधतो. तो बंद, गालिचा घातलेला, एसीचा असेल तर निसर्ग दारातच थांबलाय असं समजायचं. कंदलामाचे कॉरिडॉर उघडे आहेत, एका बाजूला कडा आणि झाडं. वारा येतो, ओल येते, किडे येतात, माकडंही येतात.

हे सगळं ऐकायला छान, पण तक्रारीही इथूनच सुरू होतात. वेलींमुळे काही खोल्यांत दिवसाही उजेड कमी असतो. दमट वास कधीकधी जाणवतो. खोली टोकाला मिळाली तर जेवायला जाणं म्हणजे शतपावली आधीच होते. सोबत वयस्कर माणसं असतील तर लॉबीजवळची खोली आधीच मागून ठेवा. सिगिरिया खोलीतून दिसायला हवा असेल तर सिगिरिया विंगमध्येच आणि वरच्या मजल्यावर मागा, पाल्याआडून बघावं लागणार नाही. बाल्कनीचं दार लावूनच बाहेर पडा. माकडांना बिस्किटांचे पुडे उघडता येतात.

हे हॉटेल पर्यावरणाचा आदर्श आहे असं कोणी सांगितलं, तर जरा बेताने घ्या. बांधकामाच्या वेळी भिक्खूंनी आणि पर्यावरणवाद्यांनी याला जोरदार विरोध केला होता. तलाव खराब होईल आणि दांबुल्लाच्या बौद्ध गुहामंदिरांच्या पवित्र परिसराला धक्का लागेल, ही भीती होती. पुढे हॉटेलने आसपासचं रान जपलं, पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं लीड (LEED) प्रमाणपत्रही मिळवलं. तरी रानात १५२ खोल्या बांधल्या हे काही बदलत नाही. मला इमारत अतिशय आवडते, आणि विरोध करणारे चुकीचे होते असंही वाटत नाही.

समुद्रच हवा असेल तर गॉलचं लाइटहाउस हॉटेल बघा. तेही बावांचंच, १९९७ चं, खडकांवर लाटा आपटतात अगदी तिथे. तिथल्या गोल जिन्यावर पोर्तुगीज आणि सिंहली सैन्याच्या लढाईची शिल्पं आहेत, तीही सेनानायकेंचीच. पण दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर कंदलामा.

शेवटचं, महिन्याचं. हा कोरडा प्रदेश, मुख्य पाऊस साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. त्यानंतर लगेच गेलात तर तलाव भरलेला मिळेल. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी बरंच मागे सरतं आणि फोटोतला तलाव सापडत नाही, पण त्याच दिवसांत जवळच्या मिनेरियाच्या जलाशयाकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात. मुलं बरोबर असतील तर मी ऑगस्टच धरेन.