भाकरी तुटते म्हणून सोडलीस?

स्टुटगार्टहून चार पानी पत्र आलंय. लिहिणारी मूळची आमच्या नाशिकच्या सातपूरची. नवरा आधी इथल्या बॉशमध्ये होता (आमच्या पिढीच्या तोंडी ती अजून मायकोच), आता तिकडच्या. पत्रात काळज्यांची रास आहे. सात वर्षांचा लेक पास्त्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. नवऱ्याची साखर काठावर आलीय. ऑफिसात डबा उघडला की शेजारचे खिडकीकडे बघतात. सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत आणि आत्तापासूनच फोनवर 'काय काय आणू' चाललंय. शिवाय 'रोज ताजं रांधत नाही, त्याचं मनाला खातं' हेही आहेच. आणि या सगळ्याच्या मध्ये, तिसऱ्या पानावर, जाता जाता टाकलेली एक ओळ: 'भाकरी तर काकू मी सोडूनच दिली. थापताना तुटते, तव्यावर चिरते, मुलगा म्हणतो कडू लागते. कोण रोज रडणार!'

झालं, माझं घोडं तिथंच अडलं. बाकीच्या काळज्या जरा रांगेत उभ्या राहू देत. नेहमीचे वाचक म्हणतील, काकूंना भाकरी दिसली की पुढचं पत्र त्या वाचतच नाहीत. वाचते, पण भाकरीनंतर.

पोरी, पहिली गोष्ट ही की दोष तुझ्या हाताचा नाही, पिठाचा आहे. गव्हात ग्लुटेन असतं, ते ताणलं जातं, म्हणून पोळी हवी तेवढी लाटता येते. ज्वारी-बाजरीत ते नाहीच. तिथं चिकटपणा आणायचा तो उकळत्या पाण्यानं. पिठातला स्टार्च गरम पाण्यानं फुगतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो. तू कोमट पाण्यात भिजवत असशील तर ती तुटणारच. आणि पीठ जुनं असेल तर आधणाचं पाणी ओतूनही उपयोग नाही. आपल्याकडं म्हणतात ना, पीठ विरी गेलं, म्हणजे त्यातला चिकटपणा गेला.

आता कडूपणाचं. बाजरीत तेलाचा अंश चांगला असतो, १०० ग्रॅममागे पाचेक ग्रॅम. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल सुखरूप. दळलं की हवा लागते, दाण्यातलीच एन्झाइमं त्या तेलामागं लागतात आणि पीठ खवट होतं. नाशिकच्या उन्हाळ्यात बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवटतं, म्हणून आमच्याकडं गिरणीत एका वेळी दोन किलोच्या वर कुणी दळून आणत नसे. तू तिकडं आणतेस ते पिठाचं पाकीट दळून, बोटीनं येऊन, गोदामात बसून मग दुकानात आलेलं. पोरगं खरं बोलत होतं आणि तू त्याला नखरेल ठरवलंस! पाकिटावरची तारीख बघितलीस का कधी?

मला हे कसं कळलं ते सांगते. १९९९ साली आम्ही टोरांटोत नवे होतो आणि सासूबाई पहिल्यांदाच तिकडं आल्या होत्या. निफाडकडच्या, आयुष्य चुलीपुढं गेलेलं. आमच्या भाड्याच्या घरातली कॉइलची शेगडी बघून म्हणाल्या, 'हिला जाळ कुठंय?' मी म्हटलं, जाळ नाही, नुसती तापते. त्यांनी पिठाचं पाकीट फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि गप्पपणे पाकीट केराच्या डब्यात. मी चिडले. सात डॉलरचं पीठ! दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खी बाजरी आणायला लावली. नाशिकहून नेलेला माझा मिक्सर १२० व्होल्टवर असा कण्हत फिरायचा की दळण म्हणजे भरडाच व्हायचा. तो चाळून चाळून त्यांनी दोन भाकऱ्यांपुरतं पीठ काढलं आणि भाकरी थापली. ती फुगावी म्हणून मी शहाणपणानं कॉइलवर जाळी ठेवली. धुराचा भोंगा वाजला, खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि सासूबाईंनी तिलाच पाट दिला. तिनं ठेच्यासकट खाल्ली. (ठेच्यानं रडली, तो भाग वेगळा.)

तुझं नशीब असं की जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. मिक्सर नीट चालेल, घरघंटीही चालेल, फक्त पिन बदलायची. तेव्हा पीठ घेणं बंद कर, धान्य घे. मिळेल का, असं विचारूच नकोस. तिकडं श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं असतात, तिथं जा. बाजरीला कंबू म्हणतात, ज्वारीला चोळम, आणि आपली नागली, म्हणजे नाचणी, त्यांच्याकडं कुरक्कन. जर्मन दुकानात 'हिर्झे' म्हणून पिवळे बारीक दाणे मिळतात, ती बाजरी समजून आणू नकोस. ती आपल्या वरीच्या कुळातली. तिची भगर करून उपासाला खा हवी तर. नाशिकला भगरीच्या गिरण्या आहेत, तेव्हा तुला ती ओळखता यायला हवी.

मिक्सरमध्ये वाटीभर दाणे, थांबत थांबत फिरव, नाहीतर पीठ तापतं. चाळ, वरचा रवा पुन्हा फिरव. आठवड्याचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सगळ्यात थंड खणात. सुरुवात ज्वारीनं कर. तिचं पीठ टिकतं जास्त, चवही सौम्य, लेकराला परकी वाटणार नाही. बाजरी थंडीत.

आता हात. वाटीभर पिठाला पाऊण वाटीहून थोडं जास्त पाणी, खळखळून उकळलेलं. चमच्यानं कालव, झाकून पाच मिनिटं बस. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या मुळानं रगड. दोन मिनिटं तरी. इथं सगळ्या घाई करतात आणि मग मला पत्रं लिहितात. परातीत कोरडं पीठ पसर, थाप, कडेला चीर पडली तर ओल्या बोटानं सांध. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि तिला लगेच पाणी फिरव. ते पाणी शोभेचं नाही. त्यानं वरचा पापुद्रा ओला राहतो, चिरत नाही, आत वाफ कोंडते. पाणी सुकत आलं, पुरतं सुकलं नाही, की उलट. दुसरी बाजू नीट भाज. पुन्हा उलट आणि सुती फडक्याच्या घडीनं कडेकडेनं दाब. फुगते. जाळ नसला तरी फुगते. काचेच्या शेगडीवर जाळी ठेवायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. तवा जड घे, बिडाचा असेल तर उत्तम, आणि काचेवर तो उचलून ठेव, घासू नकोस.

पहिल्या सहा-सात बिघडतील. बिघडलेल्या टाकू नकोस. मोहरी-कांद्याच्या फोडणीवर कुस्करा कर, वर कोथिंबीर. आमचा मुलगा चांगली भाकरी सोडून कुस्कराच मागायचा. तो आता चाळिशीला आलाय, टोरांटोतच असतो, आणि बायकोला सांगतो की आई भाकऱ्या मुद्दाम मोडायची.

तुझ्या लेकाला 'खा' म्हणू नकोस. परातीच्या त्या बाजूला बसव आणि लिंबाएवढा गोळा दे. स्वतः थापलेली चानकी कुठलंही पोर खातं, वाकडी असली तरी. वर लोणी आणि शेंगदाण्याची चटणी. पास्ता आठवड्यातून तीनदा खाऊ दे की, त्यानं काही वाकडं होत नाही. आमची मुलगी दोन वर्षं फक्त मॅकरोनी आणि दही-भात यांवर वाढली, आज ती मला नागलीतलं कॅल्शियम शिकवते. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. यावर तिला मी एवढंच म्हणते की पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांना हे न मोजता ठाऊक होतं. नागलीचं सत्त्व कसं करायचं ते पुढच्या वेळी, नाहीतर संपादक माझ्या नावानं बोटं मोडतील.

नवऱ्याच्या साखरेचं. इथं मी भाकरीची वकिली करणार नाही, कारण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात. भाकरीत चोथा असतो, पोट भरतं, हे खरं. पण 'काकू म्हणाल्या' म्हणून चार भाकऱ्या हाणल्या तर साखर काकूंचं ऐकत नाही. डॉक्टर सांगतील ते करा, दोन भाकऱ्यांवर थांबा, भाजी दुप्पट घ्या, जेवून चालायला जा.

डब्याचा वास: लसणीची फोडणी रात्रीच्या जेवणाला ठेव, डब्यात कोरडी भाजी ने. पुढचं त्यांचं ते बघतील.

रोज ताजं रांधत नाही म्हणून रडायचं कारण नाही. कॉलेज रोडला संध्याकाळी ये, पोळी-भाजी केंद्रांपुढं रांगा लागलेल्या दाखवते. नाशिकच्या निम्म्या घरांत 'ताजं' आता पिशवीतूनच येतं. आणि सुट्टीत घरी आलात की तुम्ही मंडळी तरी काय करता? चार दिवस चार ठिकाणची मिसळ, वर तर्री मागून घ्यायची, आणि पाचव्या दिवशी मला ॲसिडिटीचा उपाय विचारायचा.

राहिल्या सासूबाई. त्यांना आजच फोन कर. पेढे, खवा, घरचं तूप बॅगेत नको. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. ताजा कढीपत्ताही राहू दे. विमानतळावर डबा काढून घेतला की त्या तुझ्यावर रुसतील आणि तीन महिने रुसवा पुरेल. चिवडा, काळा मसाला, सांडगे खुशाल आणू देत. आणि त्या आल्या की दुसऱ्याच दिवशी भाकरी करायला तूच बस, त्यांना नुसतं शेजारी बसव. त्या तीन मिनिटंसुद्धा नुसत्या बसणार नाहीत, परात ओढून घेतील. घेऊ दे. तू त्यांच्या मनगटाकडं बघ, गोळा कसा फिरतो ते.

आणि घरात उरलेल्या त्या पाकिटावरची तारीख मला कळव. मला खात्री आहे, पण तरी कळव.