‘सरखेल’ म्हणजे अ‍ॅडमिरल का? या शब्दाचा समुद्राशी संबंध काय?

प्रश्न कान्होजी आंग्र्यांच्या पदाचा आहे. त्यांचं काम अ‍ॅडमिरलचंच होतं, पण शब्दाचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही. तो घोड्यांचा शब्द आहे.

आधी शेवटचं अक्षर सांभाळा. ‘सरखेळ’ लिहिलं की लोक खेळाशी नातं जोडतात आणि अर्थ तिथेच फसतो. ‘सर’ हा फारसी, म्हणजे डोकं, प्रमुख. सरनोबत, सरदेशमुख यांतला तोच. ‘खेल’ म्हणजे अरबी ‘खैल’: अरबीत घोडे, घोडदळ, आणि फारसीत जथा, टोळी. १४व्या शतकातला दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी उतरंडच देतो: १० स्वारांवर सरखेल, १० सरखेलांवर सिपहसालार, १० सिपहसालारांवर अमीर. हिशोबाने अमिराच्या हाताखाली १००० स्वार. (कागदावरचं गणित, फौजा इतक्या नेटक्या नसतात.)

गंमत अशी की अ‍ॅडमिरल याच ‘अमीर’मधून निघाला, आपल्या अमीर-उमरावांतला. ‘अमीर-अल-’ म्हणजे ‘अमुकचा अमीर’. त्यातला ‘अल’ मागे चिकटून राहिला. १२व्या शतकात सिसिलीच्या नॉर्मन दरबारातून हे पद युरोपच्या आरमारांत पसरलं. मधला ‘ड’ लॅटिनमधल्या ‘कौतुक करणे’ अर्थाच्या शब्दाशी झालेल्या घोळातून घुसला. फ्रेंच आजही ‘अमिराल’च म्हणतात.

फरक आहे तो पदाच्या जातीत. अ‍ॅडमिरल ही बढतीने मिळणारी रँक. सरखेल ही छत्रपतींनी दिलेली, घराण्यात चालणारी उपाधी. नागपूरकरांना हे लगेच कळेल, कारण भोसल्यांची ‘सेनासाहेबसुभा’ त्याच प्रकारची. रघूजी भोसले १७५५ मध्ये वारले, त्यांच्या मुलांत तंटा झाला. जानोजींना सेनासाहेबसुभा आणि मुधोजींना वेगळं ‘सेनाधुरंधर’ मिळालं. आंग्र्यांकडेही तेच: कान्होजींचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर त्यांचे भाऊ संभाजी आंग्रे सरखेल झाले, तर दुसरे भाऊ, कुलाब्याचे मानाजी, यांना ‘वजारतमाब’ ही वेगळी उपाधी देऊन वाटणी केली. म्हणून परीक्षेत ‘सरखेल = अ‍ॅडमिरल’ एवढंच लिहू नका; ‘मराठा आरमारप्रमुखाची वंशपरंपरागत उपाधी’ लिहा.

नावातच पाणी असलेलं पद हवं असेल तर शिवकाळातला ‘दर्यासारंग’ आहे. दर्या समुद्राचा खरा, पण ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’, म्हणजे पुन्हा फौजेतलाच अंमलदार.